बाब क्रमांक सत्तेचाळीस

विमान विकायचं म्हटलं की त्यासोबत काय काय द्यायचं याची यादी करावी लागते. यादीच्या पाच प्रती काढाव्या लागतात, पाचही प्रतींवर देणाऱ्याची, घेणाऱ्याची आणि साक्षीदाराची सही लागते, आणि पाचही प्रती पाच वेगवेगळ्या फायलींत लावाव्या लागतात. यादी वाचावी, असं नियमांत कुठेही म्हटलेलं नाही. तसं असतं तर मिस्त्री वेळेवर निवृत्त झाले असते आणि आपण या गोष्टीला मुकलो असतो.

विमान जुनं होतं. दोन पंख्यांचं, अठ्ठावीस आसनांचं, शेपटीला चाक असलेलं. जमिनीवर उभं असताना ते नाक वर करून बसायचं, लग्नात मानपान न मिळालेल्या आत्याबाईसारखं. सरकारी विमान कंपनीत त्याने चौतीस वर्षं सेवा केली. ते ज्या दिवशी आलं त्याच दिवशी मिस्त्री नोकरीला लागले होते, त्यामुळे दोघांची सेवाज्येष्ठता सारखीच होती. मिस्त्रींची बायको विमानाला 'थोरली' म्हणायची. मिस्त्रींच्या आयुष्यात ते तिच्या सहा वर्षं आधी आलं होतं, तेव्हा मान त्याचाच. "मी धाकटी," ती शेजारणींना सांगायची. "थोरलीचं तेलपाणी झालं की मग आमच्याकडे नंबर."

बायको स्वतः जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात होती. जिवंत माणसं स्वतःच्या मृत्यूचा दाखला हातात घेऊन तिच्या खिडकीशी भांडायला यायची, आणि दाखला बरोबर आहे हे ती त्यांना शांतपणे पटवून द्यायची. या अनुभवातून तिने एक तत्त्व काढलं होतं : कागदाशी भांडायचं नसतं, कागदाला कागद घालायचा असतो.

मिस्त्रींची निवृत्ती महिन्याच्या तीस तारखेला होती. बेत ठरलेला होता. दूरच्या गावी लेकीचं घर होतं, त्यात एक खोली तिने आईबाबांसाठी रिकामी ठेवली होती. बायकोने मुदतपूर्व निवृत्तीचा अर्ज लिहून उशीखाली ठेवला होता, फक्त तारीख घालायची बाकी होती. खोकी बांधून झाली होती.

विमान एकोणतीस तारखेला विकलं गेलं.

त्या दिवशी भांडारपाल यादी करायला आला. हा मनुष्य लेखापरीक्षणाच्या आक्षेपांना साप-विंचवापेक्षा जास्त भ्यायचा. शेपटीपासून मोजत मोजत तो नाकापर्यंत पोहोचला, तेव्हा वैमानिकाच्या आसनाखालून त्याला दोन पाय बाहेर आलेले दिसले.

"पाय कुणाचे?"

"माझे," मिस्त्री आतून म्हणाले.

"काय चाललंय?"

"नळी ठिबकतेय. बंद करतोय."

"रोज ठिबकते?"

"रोज."

"आणि तुम्ही नसलात तर?"

"तर उडणार नाही."

भांडारपालाने यादीचा मथळा पुन्हा वाचला : 'विमान उड्डाणयोग्य राहण्यास आवश्यक सर्व भाग, अवजारे व साहित्य.' मग पायांकडे पाहिलं. उद्या खरेदीदाराने विमान उडत नाही म्हणून तक्रार केली तर आक्षेप कुणावर येणार? त्याने सत्तेचाळीस नंबरवर लिहिलं, 'मिस्त्री, १ नग, वापरात.' शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पालथा असता चांगला चालतो.'

"साक्षीदार म्हणून सही करा," तो म्हणाला.

मिस्त्रींनी आसनाखालूनच हात बाहेर काढला आणि पाचही प्रतींवर सही केली.

तीस तारखेला निरोप समारंभ झाला. साहेबांनी भाषणात मिस्त्रींना 'या संस्थेचा न झिजणारा भाग' म्हटलं आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. एक तारखेला घड्याळ खोक्यात भरायच्या आधीच रजिस्टर्ड पत्र आलं. बायकोने चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं.

"'उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, खरेदीदारांस बाब क्र. ४७ अप्राप्त आहे. सदर बाब आपल्या राहत्या घरी असल्याचे समजते. तरी आपण सदर बाब तात्काळ ताब्यात घेऊन, सुस्थितीत, खरेदीदारांकडे पोहोचती करावी व तशी पोच या कार्यालयास सादर करावी.'"

"कसली बाब?" मिस्त्रींनी विचारलं.

तिने यादीची प्रत उलटून पाहिली. "तुम्ही. तुम्ही काल स्वतःला उचलून घरी आणलंत."

मिस्त्री तडक कार्यालयात गेले. आस्थापना शाखेच्या कारकुनाने त्यांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, ते त्याच्या स्वभावात नव्हतं. मग म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही काल निवृत्त झालात. म्हणजे कर्मचारी नाही. माझ्याकडे कर्मचाऱ्यांची गाऱ्हाणी घेतात. साहित्याची तक्रार भांडारात."

भांडारात भांडारपालाने नोंदवहीतून मान वर केली नाही. "साहित्य स्वतः तक्रार करू शकत नाही. मालकाला पाठवा."

घरी आल्यावर बायकोने अर्ज उशीखालून काढला, पाहिला आणि परत ठेवला. "पोच तरी घेऊन या," ती म्हणाली. "पुढचं बघता येईल. मी एवढ्यात तारीख घालत नाही."

नवा मालक कोंबडीच्या एका दिवसाच्या पिल्लांची वाहतूक करायचा. माणूस सरळ होता. त्याने मिस्त्रींना उजेडात उभं केलं, हात बघितले, यादीत बरोबरची खूण केली आणि खिशावर '४७' लिहिलेला कागद चिकटवला. पोच दिली.

"मालक, मला सोडा," मिस्त्री म्हणाले. "लेकीकडे जायचंय."

"जा की. मी कुठे बांधून ठेवलंय? फक्त सत्तेचाळीस नंबर भरून द्या. विम्याचा नियम आहे, भाग काढला तर त्याच बनावटीचा, त्याच सालचा दुसरा बसवायचा."

मिस्त्रींनी खूप शोधलं. त्यांच्या सालच्या त्यांच्या बनावटीचे फारसे उरले नव्हते, आणि जे होते ते नातवंडांना शाळेत सोडण्यात गुंतले होते. त्यामुळे पाच वर्षं मिस्त्रींनी पिल्लं वाहिली. इंजिन चालू असलं तर पिल्लं झोपायची आणि बंद झालं की एकदम चार हजार गळे सुरू व्हायचे, म्हणून विमान जमिनीवरही चालूच ठेवावं लागे. मिस्त्रींना ऐकू कमी येऊ लागलं. ही झीज यादीत नोंदवण्यात आली.

लेक फोन करायची. "बाबा, खोली रिकामीच आहे हं. फक्त पाळणा ठेवलाय तात्पुरता."

पिल्लंवाल्याने विमान सिनेमावाल्यांना विकलं. यादी जशीच्या तशी पुढे गेली. पाच नव्या प्रती, पाच नव्या सह्या.

सिनेमात विमान कोसळल्याचं दाखवायचं होतं. खरं कोसळवणं परवडणारं नव्हतं, म्हणून एक शेत भाड्याने घेऊन त्याला तिथे कोसळल्यासारखं उभं केलं, नाक खरोखरच फोडलं, आणि मृत प्रवासी म्हणून माणसं कमी पडली तेव्हा दिग्दर्शकाची नजर मिस्त्रींवर गेली.

"हे कोण?"

"हे विमानासोबत आलंय, सर. सामानात आहे."

"झोपवा त्या पंखाखाली."

मिस्त्री पंखाखाली मरून पडले. कॅमेरा सुरू झाला. नायिका विमानाच्या अवशेषांतून टाहो फोडत धावत आली आणि तेवढ्यात वरून तेलाचा एक थेंब मिस्त्रींच्या कपाळावर पडला. चौतीस अधिक पाच वर्षांची सवय. प्रेत उठलं, टाकीचं झाकण आवळलं, हात पॅन्टला पुसले आणि परत येऊन आधीच्याच जागी मेलं. दिग्दर्शकाने ते ठेवलं. समीक्षकांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली. मरणानंतरही माणूस यंत्राच्या गुलामीतून सुटत नाही, असं त्यांना त्यात दिसलं. आयुष्यात पहिल्यांदाच मिस्त्रींचं समीक्षकांशी एकमत झालं.

"खोलीत पाळणा नाही आता," लेक फोनवर म्हणाली. "छोटी सायकल आहे. आणि तिची थोडी पुस्तकं. पण तुम्ही आलात की काढू."

सिनेमावाल्यांकडून विमान सरकारच्या पाहणी विभागाकडे आलं. पूर आला, दुष्काळ पडला, आग लागली की साहेब लोक वरून पाहणी करायचे. वर ऊन लागतं म्हणून खिडक्यांना जाड पडदे बसवले होते. पाहणी साधारण दीड तास चाले. परिस्थिती आटोक्यात असल्याचं सगळ्यांना पडद्याआडूनही स्पष्ट दिसे.

या विभागाची शिस्त कडक होती. दरवर्षी प्रत्येक बाबीची प्रत्यक्ष पडताळणी व्हायची. एक तरुण अधिकारी छापील तक्ता घेऊन मिस्त्रींसमोर बसला.

"गंज?"

"गुडघ्यांत आहे थोडा."

"गळती?"

"नाक. हवा बदलली की."

"कर्कश आवाज?"

"बायकोला विचारावं लागेल."

अधिकाऱ्याने शेरा मारला, 'वंगण द्यावे.' पुढल्या आठवड्यात ग्रीसचे दोन डबे घरी पोहोचले. बायकोने एक डबा दाराच्या बिजागऱ्यांसाठी ठेवला आणि दुसरा मिस्त्रींपुढे सरकवला. "चोळून बघा. कार्यालयाने पाठवलंय म्हणजे काहीतरी विचार केला असेल."

मिस्त्रींनी इथे निर्लेखनासाठी अर्ज केला. निरुपयोगी वस्तू यादीतून कमी करण्याला निर्लेखन म्हणतात. त्यासाठी ती वस्तू निकामी असल्याचा दाखला लागतो, आणि तो त्या जातीच्या विमानाचा परवाना असलेल्या तंत्रज्ञानेच द्यायचा असतो. असा तंत्रज्ञ देशभरात एकच उरला होता. मिस्त्रींनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'बाब क्र. ४७ पूर्णतः निकामी आहे,' आणि खाली सही केली. अर्ज परत आला. 'निकामी बाबीची सही ग्राह्य धरता येत नाही.' त्यांनी दुसरा अर्ज केला की, सही ग्राह्य धरावी. तो मंजूर झाला. 'सही ग्राह्य धरण्यात येत आहे. यास्तव बाब क्र. ४७ कार्यक्षम असल्याचे सिद्ध होते.'

त्याच वर्षी बायको रीतसर निवृत्त झाली. उशीखालचा अर्ज कधीचा पिवळा पडला होता. तिने तो रद्दीत घातला, जेवणाच्या टेबलावर फायली मांडल्या आणि वाचायला बसली. हस्तांतरणाच्या तीन याद्या, नियमांची सात पुस्तकं, त्यांवरच्या दुरुस्त्या आणि दुरुस्त्यांवरची शुद्धिपत्रकं. हे सगळं छापल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी वाचत होतं. हाती वेळ आलेली नोंदणी कारकून कुठल्याही खात्याला परवडत नाही.

"सापडलं काही?" मिस्त्री विचारायचे.

"सापडलंय. पण आत्ता नाही चालायचं. कागद पिकावा लागतो."

"लेकीचा फोन होता. खोलीत आता कपाट पण आलंय."

"येऊ दे. नात मोठी होतेय, कपाट लागणारच."

पाहणी विभागाने विमान विकलं ते 'जुने दिवस हवाई सफर' नावाच्या कंपनीला. लोकांना अलीकडे जुन्याची ओढ लागली होती. ज्या खुर्च्यांना आजोबा शिव्या देत होते, त्या खुर्च्यांत बसण्यासाठी नातवंडं रांगा लावत होती. कंपनीचा व्यवस्थापक तिशीच्या आतला होता आणि प्रत्येक वाक्यात 'अनुभव' म्हणत होता. त्याने आसनं काढून नवी कोरी जुनी आसनं बसवली. भिंतींना ओरखडे पाडायला एक खास माणूस लावला. आत जुन्या चामड्याच्या वासाचा फवारा मारला जायचा. घोषणेत खरखर असावी म्हणून चांगला भोंगा काढून बिघडलेला आणला.

दोन वर्षं धंदा जोरात चालला. मग वारसा कार्यालयाचं पत्र आलं. 'अस्सल' हा शब्द जाहिरातीत वापरायचा असेल तर प्रमाणपत्र लागेल. त्यासाठी विमानात निदान एक भाग पहिल्या दिवसापासून आजवर अखंड वापरात असलेला हवा.

"एक भाग," व्यवस्थापक हसला. "सगळंच जुनं आहे."

तपासणीला एक तज्ज्ञ बाई आल्या. हातात भिंग, खांद्याला झोळी. मिस्त्री त्यांच्यासोबत फिरले, कारण त्यांच्याशिवाय विमानाचा इतिहास कुणालाच माहीत नव्हता.

"पंख?"

"बदलले. पिल्लांच्या वेळी."

"इंजिनं?"

"डावं सिनेमावाल्यांनी दुसऱ्या एका विमानाचं बसवलं. उजवं नंतर, त्याला जोडीदार म्हणून."

"नाक?"

"प्लायवूड. शेतात फुटलं."

"शेपटी?"

"कितव्यांदाची विचारताय?"

व्यवस्थापकाचा चेहरा उतरत चालला होता. "आणि ही घंटी? ही तरी मूळची दिसतेय," बाई आशेने म्हणाल्या.

"ती परवा आणली," मिस्त्री म्हणाले. मिस्त्रींना खोटं बोलता येत नव्हतं. नट-बोल्टच्या धंद्यात त्याचा उपयोगही नसतो.

बाईंनी भिंग मिटलं. तेवढ्यात शिडीवरून मिस्त्रींची बायको वर आली. ती त्यांचा डबा घेऊन आली होती, आणि डब्याखाली एक फाईल होती.

"ताई," ती तज्ज्ञ बाईंना म्हणाली, "यादी बघितलीत का? सत्तेचाळीस नंबर."

बाईंनी यादी वाचली. पहिली यादी, दुसरी, तिसरी, चौथी. चारही ठिकाणी एकच नोंद : वापरात. मग विमानाची सर्वांत जुनी नोंदवही काढली. पहिल्या दिवसाच्या पहिल्या पानावर मिस्त्रींची सही होती.

"भाग धातूचाच हवा असं काही आहे का नियमात?" बायकोने विचारलं.

"नाही," बाई सावकाश म्हणाल्या. त्यांनी भिंग पुन्हा उघडलं आणि मिस्त्रींकडे वळल्या. "तोंड उघडा. दात मूळचे?"

"वरचे चार बदललेत."

"गुडघे?"

"मूळचेच. म्हणून तर दुखतात."

बाईंनी लिहून घेतलं. "उत्तम. एवढ्या चांगल्या स्थितीतला नमुना मी प्रथमच बघतेय."

प्रमाणपत्र मिळालं. व्यवस्थापकाने ते चौकटीत घालून दाराशी टांगलं आणि सगळ्यांना पेढ्यांऐवजी लिमलेटच्या गोळ्या वाटल्या, कारण जुन्या काळात विमानात त्याच द्यायचे. मात्र वारसा नियमांनुसार विमानाचा क्रमांक कोरलेली पितळी पाटी मूळ भागावरच हवी होती. पाटीला चार स्क्रूंची भोकं होती. स्क्रू कुठे मारायचे यावर बरीच चर्चा झाली; शेवटी मिस्त्रींच्या विनंतीवरून सुतळी मान्य झाली.

त्या संध्याकाळी मिस्त्री गळ्यात विमानाचा क्रमांक घालून जेवायला बसले. "आता तर कायमचाच अडकलो गं," ते म्हणाले. "आधी नुसता भाग होतो."

"तेच तर," बायको म्हणाली. "भागाला निवृत्ती नसते. तुमच्या नोकरीचे नियमही तुम्हाला लागू नाहीत. पण विमानाला निवृत्ती असते. नियम अकरा. प्रवासी विमान पंचेचाळीस वर्षं झाली की सेवेतून काढायचंच. आणि विमान म्हणजे काय? शुद्धिपत्रक तीन. ज्या वस्तूवर क्रमांकाची पाटी आहे ती. मी चार वर्षं या पाटीची वाट बघत होते. भात वाढू?"

दुसऱ्या दिवशी दोघं विमान नोंदणी कार्यालयात गेली. खिडकीमागच्या कारकुनाने पाटी पाहिली, पाटीवरचा क्रमांक नोंदवहीत शोधला, सापडला, आणि त्याचं समाधान झालं.

"विमान आणलंय का सोबत?"

"हे काय," बायको म्हणाली.

कारकुनाने मिस्त्रींकडे पाहिलं, मग प्रमाणपत्राकडे, मग शुद्धिपत्रकाकडे. प्रमाणपत्रावर गोल शिक्का होता. त्याने निःश्वास सोडून तक्ता पुढे ओढला.

"नोंद दुरुस्त करावी लागेल. वजन?"

"बासष्ट किलो."

"पंखे किती?"

"एक. छताला आहे."

"आसनक्षमता?"

"नातीला खांद्यावर घेतलेला फोटो आहे. एक धरा."

"इंधन?"

"चहा. दिवसातून चार वेळा."

"मागणी काय आहे?"

"सेवानिवृत्ती. नियम अकरा."

कारकुनाने पहिल्या नोंदीची तारीख काढली, बोटांवर मोजलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला. अठ्ठेचाळीस वर्षं झाली होती. म्हणजे हे विमान तीन वर्षांपूर्वीच सेवेतून जायला हवं होतं, आणि ही फाईल तीन वर्षं त्याच्याच टेबलावर होती. इतक्या वेगाने सही झालेली त्या कार्यालयात आजवर कुणी पाहिली नव्हती. "वरच्यांना सांगू नका, काकू," तो शिक्का मारता मारता म्हणाला. "आजपासून हे विमान निवृत्त."

बायकोने फाईल पिशवीत घातली. मिस्त्री मात्र खिडकीशीच उभे होते.

"आणि ते दुसरं?" त्यांनी विचारलं. "ज्याला पंख आहेत ते?"

"कुठलं?"

"अहो, ते उडतं ना रोज. अठ्ठावीस माणसं घेऊन."

"त्याचा क्रमांक काय?"

"माझाच."

"एका क्रमांकावर दोन विमानं नसतात, काका. विमान तुम्ही. ते जे काही आहे ते विमान नाही."

"पण उडतंय."

"घारही उडते. आम्ही घारींची तपासणी करत नाही."

"तुम्ही समजून घ्या. त्याच्या डाव्या इंजिनात दोष आहे. एक नट रोज सैल होतो. रोज सकाळी आवळावा लागतो, तोही अंदाजाने. ते मला एकट्यालाच जमतं. मी गेलो की थांबवायला पाहिजे ते."

"थांबवायचं तर क्रमांक घालून पत्र काढावं लागतं," कारकून समजुतीने म्हणाला. "त्याला क्रमांक नाही. मग पत्र कुणाला काढू? नवा क्रमांक द्यायचा तर आधी तपासणी. तपासणीत दोष निघाला तर क्रमांक नाही. मग परत आपण इथेच. तुम्ही आता आराम करा."

"चला," बायकोने बाही ओढली. "गाडी चुकेल."

मिस्त्रींनी व्यवस्थापकालाही सांगून पाहिलं. नटाची सगळी हकीकत सांगितली, इंजिन खोकायला लागलं तर काय करायचं तेही सांगितलं. व्यवस्थापक भारावून ऐकत होता. "काका, किती सुंदर आहे हे," तो म्हणाला. "खोकणारं इंजिन. हे माहितीपत्रकात पहिल्या पानावर घेतो."

"उडवू नका ते."

"रोज उडवतोय, काका. आता तर दिवसाला दोन फेऱ्या. ते विमान नसल्यामुळे आम्हाला तपासणीला थांबावं लागत नाही."

निवृत्त होणाऱ्या विमानाला अग्निशमन दलाच्या दोन बंबांनी दोन्ही बाजूंनी उडवलेल्या पाण्याच्या कमानीखालून नेतात, अशी जगभर पद्धत आहे. नियम पाळला गेला. मिस्त्री धावपट्टीवरून बायकोचा हात धरून पाण्याच्या कमानीखालून चालत गेले, आणि आठवडाभर शिंकत होते.

लेकीच्या घरी खोलीत आता नातीचं टेबल, सायकल, कपाट आणि नात होती. नातीने कुणी न सांगताच आपला पसारा दिवाणखान्यात हलवला. मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी घरातले सगळे नळ, कड्या आणि शिलाईयंत्र दुरुस्त केलं. पितळी पाटी त्यांनी नातीला दिली. बायको गॅलरीत बसून शेजारणींना आता 'थोरली'च्या गोष्टी सांगते आणि त्यात मिस्त्री थोडे जास्त देखणे असतात. चौदा वर्षं उशिरा का होईना, बेत पार पडला.

फक्त दर महिन्याच्या एक तारखेला मिस्त्री टेबलाशी बसतात आणि डाव्या इंजिनाबद्दल तीन कार्यालयांना तीन पत्रं लिहितात. आजवर अठरा महिने झाले. उत्तर आलेलं नाही.

परवा नातीने फोनवर त्या सफरीचं पान उघडलं. तिथे प्रवासी आपले अभिप्राय लिहितात. त्यात तुमचाही सापडला. मागच्या सुट्टीत तुम्ही सहकुटुंब गेला होतात. खिडकीजवळची जागा मिळावी म्हणून तुम्ही तासभर आधी पोहोचला होतात, आणि पंखासमोरचा फोटो तर फारच छान आलाय.

"डाव्या इंजिनाबद्दल काही लिहिलंय का?" मिस्त्रींनी पुढे सरकून विचारलं.

"लिहिलंय ना," नात म्हणाली. "'वर गेल्यावर डावं इंजिन दोनदा खोकलं. काय अस्सल वाटलं. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.'"

"आणि तक्रार?"

"एकच आहे. एवढ्या लांबच्या फेरीत लिमलेटची गोळी एकच दिली."

कंपनीने तुमच्या तक्रारीची त्याच दिवशी दखल घेतली. आता दोन देतात.